चांदीपला पोचवलेली डबी

मुंबईच्या विमानतळातून बाहेर पडलो तेव्हा माझा उजवा हात पॅण्टच्या खिशात होता. तो इंग्लंडहून निघाल्यापासून तिथेच होता म्हटलं तरी चालेल. खिशात पितळेची एक चुन्याची डबी होती, आणि ती हरवली तर मी तोंड दाखवायला कुठे जाणार, याच विचारात नऊ तासांचं विमान गेलं. तिकडच्या तपासणीत बाईंनी डबी उघडून पाहिली होती. आतला पांढरा खडा बघून त्यांनी भुवया वर केल्या. "लाइम, मॅडम. फॉर चुइंग. व्हेरी ओल्ड," मी म्हणालो. त्यांनी कसलीशी पट्टी त्यावर फिरवली, यंत्रात घातली आणि हसून डबी परत दिली. मी त्यांना चार वेळा थँक्यू म्हणालो.

आपल्या वाचनालयाच्या गुरुजींनी सांगितलं, गजानन, तू जे बघून आलास ते आपल्या अंकात लिही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. चुका होतील, त्या पोटात घाला.

आधी डबी कोणाची ते सांगतो. मी उत्तर इंग्लंडमध्ये एका मोठ्या घरात स्वयंपाक करतो, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकांची सेवा करत होतो. लंडनच्या ज्या देशी हॉटेलात मी तंदूरवर होतो ते बंद पडलं. व्हिसाचे दिवस संपत आले होते, आणि मी बॅग भरूनच बसलो होतो. तेव्हा या घरच्या मालकांनी मला ठेवून घेतलं, कागदांवर सही केली. ते लॉर्ड होते, म्हणजे आपल्याकडे वतनदार असतात तसे. मी त्यांना मोठे साहेब म्हणायचो. जिन्याच्या भिंतीवर त्यांच्या पूर्वजांची चित्रं होती, सगळे लष्करी पोशाखात. थोरल्या मुलानं फौजेत जायचं ही त्या घराची रीतच. साहेब विसाव्या वर्षी हिंदुस्थानात आले, मराठा पलटणीत अधिकारी झाले, आणि महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले. त्याबद्दल त्यांना पदक मिळालं. मग वडील वारले, किताब त्यांच्याकडे आला, ते लॉर्डांच्या सभागृहात बसायला लागले, मेंढ्या पाळल्या, तीन मुली वाढवल्या.

दर नोव्हेंबरात गावच्या युद्धस्मारकावर लाल फुलांचं चक्र वाहायला ते जात. सगळी पदकं कोटावर लावायचं काम माझं. चाकाच्या खुर्चीतून मी त्यांना न्यायचो. शेवटच्या वर्षी परत आल्यावर त्यांनी चहा बाजूला सारला, मेजाचा खण उघडायला लावला आणि ही डबी माझ्या हातात दिली. या डबीला घरातल्या कोणाला फडकंसुद्धा लावू देत नसत.

"ही गोमाची," ते मराठीत म्हणाले. ऐंशी वर्षांत त्यांच्याकडे दहा-बारा मराठी शब्द उरले होते, त्यातलेच हे दोन. बाकीचं इंग्रजीत सांगितलं. गोमा त्यांचा ऑर्डर्ली, वसईकडचा. एका ओढ्याकाठी तोफेचा गोळा जवळ फुटला, गोमा संध्याकाळपर्यंत जगला. पाऊस थांबत नव्हता, जाळायला कोरडी काटकी नव्हती, पलटण पुढे गेली होती. विशीतल्या साहेबांनी एकट्यानं खड्डा खणला, गोमाला पुरलं आणि बांबूचा क्रूस रोवला, कारण दुसरी कुठलीच रीत त्यांना ठाऊक नव्हती. नंतर भीती वाटली. हिंदू शिपायाला क्रुसाखाली पुरला हे वरच्यांना कळलं तर? म्हणून अहवालात त्यांनी गोमाच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, बेपत्ता. तो शब्द पुढे कधी खोडला नाही.

"त्याच्या घरी जा," ते म्हणाले. "खरं सांग. मला माफ करतात का विचार. आणि मला येऊन सांग."

वसंतात साहेब गेले. त्यांच्या थोरल्या मुलीनं मला रजा दिली, तिकीट काढून दिलं. म्हणून मी आलो होतो. नाहीतर सात वर्षांत माझ्या आईकडेसुद्धा आलो नव्हतो.

विरारला फुलपाड्यात आपल्या गावचा किसन एका इमारतीवर वॉचमन आहे. तळमजल्यावर मीटरच्या बाजूला त्याची खोली, तिथेच मी उतरलो. फुलपाडा म्हणजे इमारतीला इमारत चिकटलेली. एका खिडकीतली फोडणी दुसऱ्या खिडकीत शिंकायला लावते. वर मान केली की जीवदानीचा डोंगर दिसतो.

"काहून बे गज्या," किसन म्हणाला, "हात काय खिशात शिवून आणला?"

मी डबी दाखवली. सगळं सांगितलं. त्यानं ती उलटीपालटी केली. "आन् पत्ता?"

पत्ता नव्हता. साहेबांना 'बेसिन' एवढं येत होतं, म्हणजे वसई. गावाचं नाव त्यांच्या तोंडून 'शँडी' असं काहीतरी यायचं. फोनच्या नकाशावर मी ते पन्नास प्रकारे लिहून पाहिलं होतं.

"आन् सापडल्यावर काय सांगशीन? तुमच्या आज्याले मातीत पुरलं, वर क्रूस लावला? हाणतीन ना लेका तुले."

हीच तर माझीही भीती होती.

दुसऱ्या दिवशी वसईच गाठायची म्हणून मी वसईतल्या माणिकपूरला गेलो. दुकानं, कचेऱ्या, चर्च, शाळेतून सुटलेली पोरं, आणि रिक्षांची लांबलचक रांग. मी रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्याला विचारलं, "शँडी गाव कुठे?" तो मागच्याला ओरडला, "अरे, याला शँडी पाहिजे, बार दाखव कुठला तरी!" सगळी रांग हसली. मीही हसलो, काय करणार.

बाजूच्या बेकरीत पाव घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ हे ऐकत होते. डोक्यावर हॅट, हातात कापडी पिशवी. "इकडे ये रे," त्यांनी बोलावलं. "कोणाला शोधतोस?"

मी म्हणालो, "अंकल, एक गोमा होता. लढाईत गेला. वसईचा, एवढंच माहीत आहे."

"वसई म्हणजे काय एक घर आहे? शेजारी उठून दार उघडेल?" त्यांनी मला बेकरीच्या पायरीवर बसवलं. "तो गोमा गावाबद्दल काय सांगायचा तुझ्या साहेबाला? आठव. नारळ, केळी, विहिरीवरचा रहाट, असं काही?"

मी आठवलं. साहेब सांगत, गोमा जंगलात पाऊस बघून म्हणायचा, आता आमच्याकडे लावणी चालली असेल. गुडघाभर चिखलात भात लावायचा अभिनय करून दाखवायचा. आणि त्याच्या घरामागं डोंगर होता.

"मग तू उलट्या दिशेला आलास, बाबा," अंकल म्हणाले. "इकडे समुद्राच्या बाजूला आम्ही सगळे वाडीवाले, केळी आणि पानवेली. भात आणि डोंगर म्हणजे पूर्व. हमरस्त्याच्या पलीकडे." त्यांनी बोटावर गावं मोजायला सुरुवात केली आणि चौथ्या बोटावर थांबले. "चांदीप! तुझ्या साहेबाच्या जिभेवर चांदीपची शँडी झाली असणार. जा, तिथे विचार. लढाईत गेलेला माणूस गाव विसरत नाही."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरले. "अरे, पाव पडेल!" मग पिशवीतून केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी (उन्हात वाळवलेली पिकलेली केळी) काढून माझ्या हातात ठेवली. "लोकांच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नकोस." नाव विचारायचं राहून गेलं, याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक चूक केली ती सांगितलीच पाहिजे. स्वयंपाकघरात वाढलेला माणूस मी, काळं पितळ दिसलं की हात शिवशिवतात. कोणाच्या घरी अशी कळकट वस्तू न्यायची? किसनच्या नळावर बसून चिंचेनं आणि राखेनं डबी बाहेरून घासली. सोन्यासारखी चमकली. आतला चुना वाळून दगड झाला होता. चमच्याच्या दांड्यानं काठाला दोनदा टोकरला, पण निघेना. उशीर होत होता म्हणून नाद सोडला.

"आज सर्वपित्री हाय," किसन दाढी करता करता म्हणाला. "लोकं पितरांले जेवू घालतात, आन् तू मेल्याची बातमी घेऊन चालला. उद्या जा."

उद्याची माझी गाडी होती, आपल्या गावची. मी निघालो.

शेअर रिक्षा इमारतींच्या गर्दीतून निघाली, ट्रकांनी भरलेला हमरस्ता ओलांडला आणि एकदम भात सुरू झालं. पोटरीला आलेलं भात, बांधावर तेरडा, मागे तुंगारेश्वरचे डोंगर ढगांत मान घातलेले. इंग्लंडमध्येही हिरवं पुष्कळ बघतो, पण ते कापलेलं हिरवं असतं. हे वाढणारं होतं. मला आपलं सोयाबीन आठवलं.

चांदीपला किराणा दुकानात विचारलं. "गोमा? पलटनवाल्याचं घर म्हणा की. विहिरीच्या पुढं, पत्र्याचं. नितीनची आजी हाय घरात." अंकलचं खरं झालं. ऐंशी वर्षांनी घराला तेच नाव होतं.

अंगणात बाजेवर एक म्हातारी केळीची पानं पुसत बसली होती. शेजारी तिशीतला एक जण शिडी टेकवत होता. तो नितीन, गोमाचा पणतू, वसईत कंपनीत कामाला. ती हिराआजी, गोमाची मुलगी. बाप लढाईवर असताना जन्मली, त्याला कधी बघितलं नाही. हे मला नंतर कळलं. आधी तिनं विचारलं, "कोन रं तू? लाईटबिलवाला?"

"नाही आजी. मी लांबून आलोय."

"लांबून आलास तर बस. पानी दे रे याला, नितीन. आज कोनी उपाशी जायाचं नाय या दारातून."

मी सुकेळी दिली. पाणी प्यालो. नितीन म्हणाला, "काका, काम काय आहे? डायरेक्ट बोला ना, मला वर पानं ठेवायचीत." मी डबी काढली आणि आजीच्या हातात दिली. म्हणालो, "ही पलटणीतल्या गोमाजींची."

मग मी सांगत गेलो. ओढा, गोळा, संध्याकाळ, पाऊस. खड्डा. क्रूस. माझा आवाज इतका बारीक झाला की नितीननं शिडी सोडली आणि जवळ आला. शेवटी साहेबांनी लिहिलेला तो शब्द सांगितला.

"एक मिनिट," नितीन म्हणाला. "त्याला माहीत होतं? सगळं माहीत असून मिसिंग लिहिलं?"

"हो."

"आणि मेडल घेतलं?"

"हो." मी मान खाली घातली. "पण माणूस चांगला होता हो. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत. वीस वर्षांचे होते तेव्हा."

"माझा बापूस बावीसचा व्हता," आजी म्हणाली.



ती डोंगराकडे वळली. मग सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. "सरकारचं पत्र आलं. मास्तरनं वाचलं, बेपत्ता. आयेनं इचारलं, म्हंजे मेला का? मास्तर म्हनला, तसं लिवलं नाय. मग आयेनं कुंकू पुसलं नाय. बारा वर्सं झाली, गावचे म्हातारे म्हनाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळ, किरिया उरक. आये म्हनली, जित्या मानसाला जाळू? मला सासरी धाडली नाय, म्हनली, बापूस आला तर पोरगी दिसाया पायजे. माझा नवराच नांदाया आला इथं, घरजावई." ती जराशी हसली. "बरा व्हता बिचारा. पन गावानं त्याला लई चिडवला."

"आजी..." मी म्हणालो.

"थांब. आये गेली तवा मी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, सवाष्न म्हनून पोचवली. बायका कुजबुजल्या, कोनाच्या नावाचं कुंकू? मी कोनाला मोजलं नाय. आन आता तू सांगतोस..."

मला वाटलं, उठून जावं. किसनचं खरं होतं. हे मी काय घेऊन आलो होतो, आणि ते कोणाच्या अंगावर टाकत होतो?

आजीनं डबी डोळ्यांजवळ नेली. "घासली कोनी?"

"मी," मी म्हणालो. "काळी पडली होती."

"मुडद्या! त्याच्या हाताचं काळं व्हतं ते!" तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली, चांगली जोरात. "आत तरी हात लावलास का?"

"नाही," मी म्हणालो, आणि मला चमच्याचा दांडा आठवला.

तिनं झाकण उघडलं. आतला चुना वाळून पांढरा खडक झाला होता, आणि त्याच्या मधोमध एक खळगा होता. साहेबांकडे असताना, विमानतळावर, नळावर, इतक्यांदा ती डबी माझ्यासमोर उघडली होती आणि तो खळगा मी बघितला होता. पण काय बघतोय ते मला कळलं नव्हतं. तंबाखू मळणारा माणूस चुना बोटाच्या टोकानं काढतो. शेवटचा चुना काढला तसं बोट तिथे उमटलं, आणि चुना वाळला.

आजीनं आपली तर्जनी त्या खळग्यात ठेवली. बोट सैल बसलं. "मोठं व्हतं बोट," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ बोट काढलंच नाही. नितीन तोंड फिरवून शिडीशी खुडबुड करत होता.

"साहेब आता नाहीत. जाण्याआधी त्यांनी विचारलं होतं, तुम्ही त्यांना माफ करता का," मी कसंबसं म्हणालो. "मला परत जाऊन त्यांच्या थडग्याशी सांगायचंय."

"पुरला म्हनून राग नाय," आजी म्हणाली. "पावसात लाकूड कुठनं आनील पोर? क्रूस लावला तर लावला, उघडा तर नाय टाकला. पन एक पत्र, रं? एक पत्र टाकायचं व्हतं. आये चाळीस वर्सं वाटेवर बसली."

"मग काय सांगू?"

"सांग, आयेचं कुंकू खरं व्हतं. तुज्या साहेबानं खरं लिवलं नाय, तर तिनं का पुसावं?" ती उठली. गुडघे कडकडले. "नितीन, आनखी एक पान घे."

तोवर मला ठाऊक नव्हतं की आजवर या घरात गोमाचं पान कधी वाढलंच गेलं नव्हतं. आजोबांचं, आईचं, नवऱ्याचं, सगळ्यांची पानं सर्वपित्रीला पत्र्यावर जात. बापाचं नाही. बेपत्ता माणसाला पितर कसं म्हणायचं? त्या दिवशी आजीनं स्वतः वाढलं: भात, वालाची उसळ, भोपळ्याची भाजी, वडा, खीर, आणि कोपऱ्यात चिमूटभर तंबाखू. "बापू, ये," एवढंच म्हणाली. नितीननं पान वर ठेवलं. कावळा कुठे बसला होता कोण जाणे, नितीन शिडीवरून उतरायच्या आत तो गोमाच्या पानावर होता.

"बगितलंस, किती भुकेला व्हता," आजी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

मग आम्ही जेवलो. तांदळाची भाकर इतकी पातळ आणि मऊ की मी तिचा हात बघून शिकायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "साहेबाच्या देशात भाकऱ्या थापनार का आता?" मी निघालो तेव्हा तिनं हाक मारली. "थांब रं. तुज्या साहेबाला कोन हाय का पान वाढाया?"

मी म्हणालो, तिकडे ती रीत नाही.

ती आत गेली. छोटं पान घेऊन आली. त्यावर भात आणि भाजी होती, खीर नव्हती. "ठेव," नितीनला म्हणाली. नितीननं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शिडी चढला. आजी पाय धुवायला वळली. "त्याला सांग, वाढलं. कावळा शिवला का नाय ते बगाया मी थांबले नाय."

मी मात्र थांबलो. रिक्षा येईपर्यंत, मग रिक्षात मागे वळून, विहिरीचं वळण येईपर्यंत बघत राहिलो. गोमाचं पान साफ झालं होतं. साहेबांचं तसंच होतं.

तिथून मी आपल्या गावी आलो, हे तुम्हाला माहीतच आहे. आईनं दारातच विचारलं, सात वर्षं कुठे होतास? फोन करत होतो की, असं म्हणणार होतो. पण चांदीपहून आल्यावर ते तोंडातून निघेना. आता दर रविवारी पत्र लिहितो. गुरुजी तिला वाचून दाखवतात, त्यांचे आभार.

परत गेल्यावर पहिल्याच सकाळी साहेबांच्या थडग्याशी गेलो. गवत ओलं होतं. त्यांना मराठीतच सगळं सांगितलं. काही शब्द तर त्यांच्या ओळखीचे होते. कुंकवाचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, बोटाच्या खळग्याचं सांगितलं. शेवटी पानाशी येऊन अडलो. शिवला, एवढा एकच शब्द म्हणालो असतो तर त्या म्हाताऱ्या जिवाला बरं वाटलं असतं, आणि त्यांच्या उपकारांपुढे तेवढं माझ्याकडून झालंही असतं. पण एका शब्दानं एका घराचं काय होतं ते मी नुकताच बघून आलो होतो.

"साहेब," मी म्हणालो, "मी वळणावरून दिसेनासा झालो तोवर तरी शिवला नव्हता. पण पान वाढलेलं आहे."